प्रश्न उद्भवत नाही

मागच्या अंकात आमदारांच्या कार्यालयात काढलेल्या वर्षांबद्दल दोन पानं लिहिली आणि संपादकांनी खाली हळूच 'वाचकांनी प्रश्न पाठवावेत' असं छापून टाकलं. पोस्टानं आले, व्हॉट्सअ‍ॅपवर आले, एक तर मंडईत मेथीची जुडी निवडताना आला. निम्म्या लोकांना एवढंच हवंय की साहेबांचं नाव काय आणि पक्ष कुठला. ते सांगणार नाही. सोलापूर जिल्ह्यात ११ मतदारसंघ आहेत, त्यातला एक. थोडा शहरात, थोडा रानात. मी मूळचा गिरणीतला टाइमकीपर. गिरणीला कुलूप लागलं, अक्षर बरं होतं, मराठी टायपिंग येत होतं, म्हणून प्रचारात चिठ्ठ्या लिहायला गेलो आणि पुढं पाच वर्षं स्वीय सहाय्यक म्हणून अडकलो. नंतरच्या निवडणुकांत इतरांचे खर्चाचे हिशेब लिहिले. माझी पात्रता एवढीच.

प्रश्न : प्रचारात आमदार आमच्या गल्लीत आले होते, गटार करून देतो म्हणाले. ओवाळायला मीच पुढं होते. चार वर्षं झाली, गटार आहे तशीच आहे. आता धरायचं कुणाला?
— एक गृहिणी, पूर्व भाग, सोलापूर

ताई, आधी कबुली देतो. ते 'करून देतो' लिहून घेणारा माणूस मीच असायचो. पदयात्रेत हलगीवाल्यांच्या मागं, साहेबांच्या डाव्या हाताला, दोनशेपानी वही घेऊन. तुम्ही ओवाळता, ताटात नोट पडत नाही, तेव्हा साहेब कंजूष आहेत असं समजू नका. निवडणूक आयोगाचा कॅमेरावाला चार पावलांवर असतो.

गटार महापालिकेची. आमदार फार तर आपल्या निधीतून तिला पैसे सुचवील. पण उतार काढणार, खोदणार आणि तुंबली की उपसणार महापालिकाच. धरायचं तर आधी नगरसेवक आणि झोन ऑफिस. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आला, त्या काळात नगरसेवकाकडची गाऱ्हाणीही आमदाराच्याच दारात येऊन बसली, म्हणून तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. आमदारानंही तो गोंधळ कधी दूर केला नाही, कारण मतं त्या गोंधळातच असतात.

तुमच्याच भागातली एक दुपार सांगतो. पत्र्याच्या सावलीत सात-आठ बायका विड्या वळत ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप. पानाला पत्र्याचं माप लावायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू पसरायची, वळायची, दोरा मारायचा. पंचवीस झाल्या की एक कट्टा. साहेबांनी हात जोडले, समोरून एकही हात जोडला गेला नाही. साहेब जरा बिचकले. तेव्हा एक जण मान वर न करता म्हणाली, "बोला की साहेब. कान मोकळे हायत, हात नाहीत."

साहेबांनी विचारलं, काय अडचण? तीच म्हणाली, "पाणी रात्री दोनला सोडतेत. दिवसभर विड्या, रात्री घागरी. तेवढं दिवसा करा." साहेब म्हणाले, करू. मी वहीत लिहिलं : पाणी – दिवसा. एवढ्या वेळात तिचा एक कट्टा पुरा झाला होता.

निवडून आल्यावर मी ती वही काढली. साहेबांनी आयुक्तांना फोन केला, आयुक्तांनी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला, त्यानं झोनला, आणि शेवटी एका सकाळी चावीवालाच आमच्या कार्यालयात आला. खांद्यावर ती उंच लोखंडी चावी. ती त्यानं दाराशी भिंतीला टेकवली, चहा घेतला आणि म्हणाला, "साहेब, ही गल्ली दिवसा घेतली की टाकीच्या वरची गल्ली रात्रीत जाती. टाकी एकच हाय. कुठली गल्ली रात्री जागवायची ते तुम्ही लिहून द्या, मी चावी फिरवतो."

साहेबांनी लिहून दिलं नाही. कोण देईल?

आता ऐका, आमदाराचं काम इथून पुढं सुरू होतं. सोलापूरला काही दिवसांआड पाणी येतं ते चावीवाल्यामुळं नव्हे. उजनी धरण शंभर किलोमीटरवर. तिथून येणाऱ्या जलवाहिनीला राज्याचा पैसा लागतो. भीमेत पाणी कधी सोडायचं, शेतीला किती आणि पिण्याला किती, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं आणि तिथं आमदार बसतो. वरच्या तालुक्यांतले ऊसवाले आमदारही तिथंच बसलेले असतात. पुढच्या खेपेला ओवाळताना गटारीचं राहू द्या. कालवा समितीच्या गेल्या बैठकीत काय बोललात, एवढं विचारा. हलगी थांबेल.

प्रश्न : वय २७, स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पुढच्या वेळी विधानसभेला अपक्ष उभा राहायचा विचार आहे. किती खर्च येतो आणि कागदपत्रं काय लागतात?
— एक तरुण, जुळे सोलापूर

वय बसतं, २५ पूर्ण हवीत. पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर नाव सुचवून सही करणारा, पुरतो, तुम्हाला दहा लागतील, दहाही त्याच मतदारसंघाच्या यादीतले. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती गेली. अपक्षांची बहुतेक वेळा जातेच, तेवढे पैसे आधीच विसरून टाका.

शपथपत्र म्हणजे नमुना २६. त्यात एकही रकाना मोकळा सोडायचा नाही. मालमत्ता नसेल तर 'निरंक', लागू नसेल तर 'लागू नाही', पण शाई हवी. मी एका उमेदवाराचं शपथपत्र लिहीत होतो. बायकोच्या दागिन्यांच्या रकान्यावर ते अडले, कारण सोनं किती तोळे ते त्यांनाच माहीत नव्हतं. घरी फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न, "कशाला पाहिजे? परत गहाण टाकताय काय?" शेवटच्या दिवशी दुपारी तीनची वेळ असते. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयापासून शंभर मीटरच्या आत तीनच गाड्या, आणि दालनात उमेदवारासह पाच माणसं. बाहेर जीप भरभरून आलेली मंडळी मग सावलीत उभी राहून रसवंतीवाल्याचा धंदा करून देतात.

खर्चाची मर्यादा २०२२पासून ४० लाख आहे, २०१९च्या विधानसभेला २८ लाख होती. तुम्हाला ४० लाख कुठून, असं वाटेल. पण हिशेब दोनदा लिहिला जातो हे ध्यानात घ्या. एक तुम्ही लिहिता, दुसरा तुमच्यावर लिहिला जातो. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं, रोजची नोंदवही, आणि जिल्हा प्रशासनाचं दरपत्रक. त्यात खुर्ची, मंडप, हार, चहा, सगळ्याचा दर ठरलेला असतो. तुमच्या मेव्हण्यानं मंडप फुकट दिला तरी दरपत्रकाच्या भावानं लिहायचा.

माझी चूक सांगतो. एका प्रचारात मी हलगीवाले लिहायचे विसरलो. विसरलो म्हणजे, ते उमेदवाराच्या गावचे, हौसेनं आलेले, त्यांना जेवणाशिवाय काही दिलं नव्हतं. तपासणीला गेलो तर निरीक्षकांच्या छाया नोंदवहीत, म्हणजे आपल्यावर लिहिलेल्या त्या दुसऱ्या हिशेबात, तारीख, वेळ, चौक, 'हलगी पथक, सहा इसम' असं टिपलेलं. चित्रफीतही होती. तीत मीही होतो, वही घेऊन, हलगीच्या तालावर पाय हलवत. निमूट खर्च दाखवला. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर तीन वर्षांपर्यंत उभं राहायला बंदी येऊ शकते. हरल्यावर हिशेब द्यायचा कुणाला उत्साह नसतो आणि बरेच हौशी अपक्ष तिथंच अडकतात.

चिन्ह माघारीची मुदत संपल्यावर मिळतं. २०२४मध्ये माघार ४ नोव्हेंबरला, मतदान २० तारखेला, आणि मतदान संपायच्या आधीचे ४८ तास प्रचार बंद. म्हणजे तुमचं चिन्ह लोकांच्या डोळ्यांत भरायला दोन आठवडे. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापायलाच लागतो. सोलापुरात पत्रकं मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशी चार भाषांत लागतात, हे पुण्याहून आलेल्या प्रचार सल्लागारांना नेहमी शेवटच्या आठवड्यात कळतं. रिक्षातून तेलुगूत 'मी ओटु' अशी हाळी सुरू झाली की आमच्या भागातली मराठी पोरं मागं पळत ओरडायची, "मी बी ओटू!" तेलुगूत 'मी' म्हणजे 'तुमचं'. तेलुगू येत नसेल तर शेजाऱ्याकडून तेवढं तरी शिकून घ्या.

दुकान मात्र बंद करू नका.

प्रश्न : राज्यशास्त्र हा विषय आहे. आमदार विधानसभेत प्रश्न विचारतात, त्यानं प्रत्यक्षात काही होतं का? की नुसता गोंधळच चालतो?
— बी.ए.चा विद्यार्थी, होटगी रोड

तुला तू म्हणतो, राग मानू नकोस. टीव्हीवर गोंधळच दिसतो, कारण कॅमेऱ्याला कागद दाखवता येत नाही. माझा सगळा जन्म त्या कागदात गेला.

तारांकित प्रश्न म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात उभं राहून उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर. प्रश्नोत्तराचा तास एकच, त्यात मोजकेच तारांकित प्रश्न चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं छापील यादीत. प्रश्न अधिवेशनाच्या कितीतरी आधी पाठवायचे असतात. म्हणून आमच्याकडं अधिवेशन संपलं की पुढच्या अधिवेशनाचं टायपिंग सुरू. मुंबईत दोन अधिवेशनं, अर्थसंकल्पी आणि पावसाळी, आणि डिसेंबरात नागपूर. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघायचं, सकाळी मुंबई. माझ्या पिशवीत अर्धे कागद, अर्धी कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आमदार निवासात आमच्या खोलीवर दुसऱ्या जिल्ह्यांचे पीए यायचे ते चटणीसाठी, पण त्यांच्याकडूनच मी प्रश्न लिहायला शिकलो.

पहिलाच प्रश्न परत आला. विडी कामगार बायकांच्या भविष्य निर्वाह निधीबद्दल होता. साहेबांना वाटलं, काय झणझणीत प्रश्न लिहिलाय. विधानमंडळातल्या एका वयस्कर बाईंनी मला समोर बसवून समजावलं, "पीएफ केंद्राचा. आमच्या मंत्र्याला त्यावर उत्तर देता येत नाही. विडीचं किमान वेतन राज्य ठरवतं. ते विचारा." सूप मांडीवर घेतलेल्या बाईला दोन्ही सारखेच, पैसेच. कुठला पैसा दिल्लीचा आणि कुठला मुंबईचा, हे ओळखायला मला दीड वर्ष लागलं.

मग नव्यानं लिहिला. त्याचा एक ठरीव साचा असतो. सन्माननीय कामगार मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) सोलापूर शहरातील विडी कामगारांना शासनाने ठरवलेले किमान वेतन मिळत नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने तपासणी केली आहे काय, (३) असल्यास, तपासणीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

बघ, यातला प्रत्येक 'असल्यास' हा एक दरवाजा असतो. पहिल्याला मंत्र्यानं 'हे खरे नाही' म्हटलं की पुढच्या सगळ्यांचं उत्तर एकच, 'प्रश्न उद्भवत नाही'. माझ्या पहिल्या वर्षाच्या प्रश्नांची उत्तरं काढून बघितली तर पानंच्या पानं प्रश्न उद्भवतच नाही. मग त्या दुसऱ्या पीएंनी सांगितलं, पहिला भाग असा लिही की नाही म्हणताच येणार नाही. अमुक तारखेला अमुक कार्यालयाला निवेदन दिलं, हे खरे आहे काय? निवेदनावर आवक शिक्का असतो. ते नाही कसं म्हणतील? एकदा 'होय' आलं की पुढचे दरवाजे उघडावेच लागतात. त्यानंतरच्या अधिवेशनात आमच्या प्रश्नाला 'हे अंशतः खरे आहे' असं उत्तर आलं. साहेबांनी पेढे वाटले.

हसू नकोस. खरी गंमत उत्तराच्या आधी घडते. प्रश्न मंत्रालयात त्या विभागाकडं जातो, विभाग जिल्ह्याच्या कार्यालयाला विचारतो, जिल्ह्याचा अधिकारी वर्षभर न उघडलेली फाइल उघडतो. उत्तर यायच्या तीन आठवडे आधी सोलापुरात तपासणीला माणसं फिरली. पुढं मजुरीत किती फरक पडला म्हणशील, तर काही ठिकाणी थोडा, आणि काही ठिकाणी सहा महिन्यांत जैसे थे. पण ती माणसं फिरली ती आमच्या कागदामुळं, हे मला आणि त्या फाइलवाल्याला माहीत आहे. मतदाराला माहीत नव्हतं. साहेबांनी ते कधी भाषणात सांगितलं नाही, म्हणायचे, "चौकात 'अंशतः' म्हटलं की माणसं उठून जातात."

प्रश्न : आमदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात म्हणे. ते जातात कुठं?
— निवृत्त कर्मचारी, विजापूर रोड

हातात मिळत नाहीत. साहेबांच्या वेळी निधी याहून कितीतरी कमी होता. २०२२पासून ५ कोटी आहे. आमदार फक्त काम सुचवतो. अंदाजपत्रक यंत्रणा करते, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, निविदा निघते, बिल थेट ठेकेदाराला. खाणाऱ्याला वाट सापडते, ते वेगळं. पण अर्धा मतदारसंघ समजतो की पैसे साहेबांच्या कपाटात आहेत, आणि मग मुलीच्या लग्नाला, पोराच्या फीला, दवाखान्याला 'निधीतून' मागायला येतो. एक गृहस्थ खासगी जागेतल्या विहिरीला कठडा मागायला सलग दोन वर्षं आले. नियम सांगून मी थकलो. शेवटी साहेबांनी स्वतःच्या खिशातून विटा दिल्या आणि तो एकच मतदार पाच वर्षांत मनापासून खूश झाला असं मला वाटतं.

प्रश्न : आमचे हे आमदारांच्या मागं फिरतात. चहाची गाडी आहे, ती मीच चालवते. निवडणूक संपून वर्ष झालं तरी सकाळी पांढरा शर्ट घालून बाहेर. बोललं की म्हणतात, साहेबांचा फोन येणार आहे. काय करू?
— एक पत्नी, नवी पेठेजवळ

वहिनी, फोन येणार नाही. मी तो फोन लावणारा माणूस होतो, म्हणून सांगतो. यादीत चारशे नावं असायची. साहेबांना त्यातली चाळीस तोंडओळखीची, आणि वेळेला आठवायची ती चार. तुमचे मालक त्या चारांत असतील तर तुम्हाला हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

पण त्यांना एकदम तोडून बोलू नका. पांढरा शर्ट घातला की तहसीलमधला शिपाई आत सोडतो. रेशन कार्डाचं, उत्पन्नाच्या दाखल्याचं काम चार माणसांचं होतं, लोक 'अण्णा' म्हणतात. गाडीवर कुणी अण्णा म्हणत नाही. माझ्या घरीही पाच वर्षं हेच चाललं होतं. पगार वेळेवर यायचा नाही असं नव्हे, पण माझी बायको म्हणायची, "दुसऱ्याची पोरं नोकरीला लागावीत म्हणून शंभर पत्रं टाइप केलीत, आपल्या पोराचं एक नाही." खरं होतं. लाज वाटायची. मुलगा शेवटी स्वतःच्या हिमतीवर लागला आणि त्यानं मला ते कधी ऐकवलं नाही, ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

एक उपाय सुचतो. गाडीवर त्यांची वेळ ठरवून द्या, सकाळी सात ते दहा. ज्यांना अण्णांकडं काम आहे त्यांनी तिथं यावं. काम अण्णांचं, चहा विकत.

प्रश्न : गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले आणि आजचे आमदार एका टर्मला पडतात. फरक कशात आहे? तुम्ही त्यांना पाहिलंय का?
— शेतकरी, सांगोला तालुका

दुरून पाहिलंय, एसटीच्या स्टँडवर. सोबत कार्यकर्त्यांचा तांडा नव्हता. शेजारच्या बाकावरच्या माणसानं त्यांना जागेवरूनच गाऱ्हाणं सांगितलं आणि त्यांनी ते ऐकलं, गाडी लागेपर्यंत.

तुमच्या तालुक्याला मी काय सांगणार? १९६२ला पहिल्यांदा निवडून आले, पक्ष शेवटपर्यंत एकच, शेतकरी कामगार पक्ष. पण लोक विसरतात की ते दोनदा पडलेही, १९७२ला आणि १९९५ला. १९९५ला १९२ मतांनी. एवढ्या मतांनी पडलेला माणूस साधारण कोर्टात तरी जातो किंवा घरात तरी बसतो. ते तालुक्यातच राहिले, दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी चालू असलेलं काम चालू ठेवलं आणि १९९९ला परत आले. २०१९ला स्वतःहून उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ला सोलापुरातच गेले.

फरक कशात, तर माझ्या मते मागणीत. सांगोल्यानं त्यांच्याकडं पन्नास वर्षं एकच गोष्ट मागितली, पाणी. आमच्या वहीत पंधरा दिवसांच्या प्रचारात सहाशेच्या वर नोंदी होत्या आणि त्यातल्या विधानसभेशी संबंध असलेल्या मी तांबड्या पेनानं खुणावल्या तर त्या नऊ निघाल्या.

पण चांगलं काम केलं की माणूस निवडून येतोच, असंही समजू नका. आमच्या शहरातले नरसय्या आडम मास्तर बघा. तीनदा आमदार. विडी कामगार बायकांसाठी कुंभारीला दहा हजार घरांची वसाहत उभी केली, २००६ला पंतप्रधान मनमोहन सिंग येऊन गेले. आणि २००९ला मास्तर सोलापूर शहर मध्य मतदारसंघातून पडले. जात, पक्ष, मतदारसंघांची पुनर्रचना, सगळी कारणं लोक सांगतात. त्यात माझं एक : कुंभारी शहराबाहेर, दुसऱ्या मतदारसंघात. बाईला घर मिळालं, बाई तिकडं गेली, तिचं मतही तिच्याबरोबर गेलं. तरी मास्तर थांबले नाहीत. पुढं रे नगरची तीस हजार घरांची योजना आणली, त्यातल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिल्या गेल्या. तेव्हा मास्तर आमदार नव्हतेच. आमदार नसताना तीस हजार घरं होतात आणि आमदार असताना आमची एक गटार होत नाही, हे तुमच्यासारखंच माझ्याही डोक्यात बसलेलं आहे.

प्रश्न : तुमचे साहेब पुन्हा निवडून आले का? नसतील तर पडल्यावर आमदाराचं काय होतं?
— मंडईत विचारणारे गृहस्थ

मेथी घेताना उत्तर टाळलं, आता देतो. पडले.

मतमोजणीला मी आत होतो, जाळीच्या अलीकडं, टेबलासमोर. चौदा टेबलं, एका फेरीत चौदा केंद्रं. मतदानाच्या दिवशी प्रत्येक केंद्रावर आमच्या माणसानं १७ सी नमुन्याची प्रत घेतलेली असते, किती मतं पडली याची. यंत्राचा आकडा तिच्याशी ताडून बघायचा आणि उमेदवारवार लिहायचं. सातव्या फेरीत त्या विड्यावाल्या गल्लीचं केंद्र आलं. मी बोट ठेवून आकडा लिहिला. मागच्या वेळेपेक्षा निम्मा. ज्या गल्लीला निधीतून सिमेंटचा रस्ता केला होता तिथला तर त्याहून कमी, कारण रस्त्यानं घरांचे उंबरे खाली गेले आणि पावसाचं पाणी आत शिरायला लागलं. ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी वहीत लिहिलं नसेल.

साहेब अकराव्या फेरीला घरी गेले. संध्याकाळी मी निकाल घेऊन पोचलो तेव्हा ते व्हरांड्यात एकटे पेपर वाचत होते, सकाळचाच. बाहेर एक चप्पल नव्हती. पाच वर्षं त्या पायरीवर चपला शोधण्यात लोकांची भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

तुम्ही विचारलंत काय होतं, तर पैशाचं फार वाईट होत नाही. माजी आमदाराला निवृत्तिवेतन असतं. पत्रांचं पॅड वापरता येत नाही, विधानसभा सदस्याचा शिक्का मोडायचा. मी तो शिक्का घरी आणला, रबर काढून टाकलं, लाकडी मूठ अजून माझ्या टेबलावर आहे. कार्यालयाबाहेरच्या फलकाचं काय करायचं, हे मी दुसऱ्या दिवशी साहेबांना विचारलं. रंगाऱ्याला बोलवू का? फलक कार्यकर्त्यांनी हौसेनं करून लावलेला, वर मोठ्या अक्षरात 'मा. आमदार' आणि खाली साहेबांचं नाव.

साहेबांनी चष्मा वर करून फलकाकडं बघितलं. म्हणाले, "कशाला? काल 'माननीय'चा 'मा.' होता, आजपासून 'माजी'चा. राहू दे."

रंगाऱ्याचे पैसे वाचले. फलक अजून तिथंच आहे.